वळणावर गाडी झुकते? जाड बार बसवण्याआधी हे वाचा

‘घाटात गाडी फार झुकते. जाड स्टॅबिलायझर बार बसवला तर फरक पडेल का? पुढे बसवू की मागे? वॉरंटी जाईल का?’ वाचकांकडून हे प्रश्न वारंवार येतात. विचारणारे बहुतेक जण त्याच गाडीने रोज ऑफिसला जाणारे, मुलांना शाळेत सोडणारे आणि सुट्टी लागली की कोकणात निघणारे असतात. त्यांना शर्यतीची गाडी करायची नसते. आंबोलीच्या वळणांवर स्टीअरिंग हातात घट्ट धरून बसावे लागू नये आणि मागे बसलेल्या मुलांना गाडी लागू नये, एवढीच त्यांची अपेक्षा असते.

त्यांना एका ओळीत उत्तर द्यायचे तर असे: जाड बारने झुकणे कमी होते, रस्त्यावरची पकड वाढत नाही. म्हणून बार हा खर्चाच्या यादीत पहिला नसावा. त्याआधी काय तपासायचे, बदलायचाच ठरला तर कोणता आणि कसा, आणि कागदपत्रांचे काय, ते आता क्रमाने पाहू.

आधी नेमका भाग ओळखा

परदेशी व्हिडिओत ज्याला ‘स्वे बार’ म्हणतात तोच आपल्या पार्ट्सच्या दुकानात ‘स्टॅबिलायझर बार’ आणि गॅरेजमध्ये ‘जंपिंग रॉड’ असतो. काही कॅटलॉगमध्ये तो ‘अँटी-रोल बार’ या नावाने सापडेल. इंग्रजी ‘यू’च्या आकाराची ही पोलादी सळई डाव्या आणि उजव्या चाकाच्या सस्पेन्शनला जोडते. मध्ये ती दोन रबरी बुशांत बसते आणि तिची टोके दोन लिंक रॉडना जोडलेली असतात.

दुकानात या दोन वस्तूंशी तिची गल्लत होते:

- स्ट्रट बार: बॉनेट उघडल्यावर दोन शॉकअपच्या माथ्यांना जोडणारी आडवी पट्टी. ती बॉडीला ताठपणा देते, झुकणे थांबवत नाही.
- स्प्रिंग बफर: कॉइल स्प्रिंगच्या वेढ्यांत बसवायचे रबरी तुकडे. ‘रोलिंग कमी होईल’ असे सांगून ते विकले जातात. प्रत्यक्षात ते स्प्रिंगचे काही वेढे अडवतात. त्यामुळे गाडी सगळ्याच खड्ड्यांवर कडक होते आणि स्प्रिंगवर एकाच जागी ताण येतो. यावर पैसे घालू नका.

बार काय करतो आणि काय नाही

निर्णयासाठी एवढे कळले तरी पुरे:

- वळणावर गाडी झुकू लागली की बाहेरचे चाक दबते आणि आतले सैल सुटते. दोन्ही चाकांची उंची वेगळी झाल्यामुळे बार पिळला जातो आणि त्या झुकण्याला विरोध करतो.
- दोन्ही चाके एकदम वर गेली तर बार बुशांत नुसता फिरतो. स्पीडब्रेकर सरळ घेतलात तर जाड बार बसवल्याचे जवळजवळ जाणवणारही नाही.
- तोच स्पीडब्रेकर खालचा भाग घासू नये म्हणून तिरका घेतलात, तर आधी एक चाक चढते. बार पिळला जातो, दणका दुसऱ्या बाजूलाही पोचतो आणि आत बसलेल्यांची डोकी डावी-उजवीकडे हलतात. एका बाजूच्या खड्ड्यात चाक गेले तरी हेच होते.
- वळताना आतल्या चाकावरून बाहेरच्या चाकावर किती भार जाणार, हे वेग, वळण, गाडीची उंची आणि चाकांमधले अंतर ठरवतात. तो भार पुढच्या आणि मागच्या चाकांत कसा वाटला जाईल, एवढेच बारच्या हातात असते. ज्या टोकाला बार जाड कराल, त्या टोकाची पकड आधी सुटते.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण पुढे की मागे या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे.

खर्चाआधी पाच तपासण्या

गाडी तीन-चार वर्षे जुनी असेल आणि झुकणे ‘अलीकडे वाढले’ असे वाटत असेल, तर दोष बहुधा झिजलेल्या भागांत असतो. या क्रमाने तपासा:

1. टायरमधली हवा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर पाहा. माणसे आणि सामान भरलेले असताना मागच्या चाकांत किती हवा हवी, तेही अनेकदा तिथे वेगळे दिलेले असते. मऊ टायरची बाजू वळणावर दुमडते आणि गाडी पोहल्यासारखी वाटते.
2. टायरचे वय. टायरच्या बाजूवर चार अंक असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. २३२१ म्हणजे २०२१ सालातला तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असूनही रबर कडक झालेले असू शकते. अशा टायरवर जाड बार म्हणजे उसन्या पकडीवर खेळ.
3. लिंक रॉड आणि बुश. खडबडीत रस्त्यावर कमी वेगात ‘कट-कट’ आवाज येत असेल तर पहिला संशय यांच्यावर घ्या. गाडी रॅम्पवर चारही चाकांवर उभी असताना मेकॅनिकला लिंक मुठीत धरून जोराने हलवायला सांगा आणि तुम्ही शेजारी उभे राहा. बॉल जॉइंट चांगला असेल तर तो घट्ट लागतो. गेलेला असेल तर हाताला टकटक जाणवते आणि फाटलेल्या रबरी टोपीतून वाळलेले ग्रीस दिसते. बुश पाहताना सळई आणि रबर यांच्यामध्ये फट आहे का ते बघा.
4. शॉकअप. तेल गळाल्याचा ओला डाग, टायरची उंचसखल झीज किंवा खड्ड्यानंतर दोन-तीनदा डोलणारी गाडी ही शॉकअप संपत आल्याची चिन्हे आहेत. गाडी किती झुकते हे बार आणि स्प्रिंग ठरवतात. किती झपकन झुकते हे शॉकअप ठरवतो आणि भीती बहुधा त्या झपकन झुकण्याचीच वाटते.
5. अलाइनमेंट. पहिले चार भाग ठीक केल्यानंतरच अलाइनमेंट करा. झिजलेल्या बुशांवर केलेले अलाइनमेंट टिकत नाही.

लिंक आणि बुश मिळून खर्च सहसा काही शे ते काही हजार रुपये येतो. हे केल्यावर महिनाभर गाडी नेहमीसारखी चालवा. अनेकांचा प्रश्न इथेच मिटतो.

पुढे की मागे?

यासाठी कोणत्या चाकांना इंजिनाची ताकद जाते, हे पाहावे लागते.

पुढची चाके ओढणाऱ्या हॅचबॅक आणि सेडान (स्विफ्ट, बलेनो, आय-२०, सिटी अशा): वेगात वळल्यास या गाड्यांचे नाक वळणाच्या बाहेर सरकते. कंपन्या मुद्दाम तसे ठेवतात, कारण सामान्य चालक घाबरून ॲक्सिलरेटर सोडतो आणि तेवढ्याने गाडी सावरते. अशा गाडीत पुढचा बार जाड केला तर नाक आणखी बाहेर सरकेल. बदल करायचाच तर मागे, आणि तोही थोडासा.

या गाड्यांच्या मागे बहुधा वेगळा बार नसतो. चाकांना जोडणारा आडवा बीमच पिळला जाऊन ते काम करतो. बाजारातला ‘रिअर बार’ त्या बीमच्या दोन बाहूंना बोल्टने जोडायचा असतो. विकत घेण्याआधी तो बीमच्या खाली किती लोंबतो ते मोजून घ्या, नाहीतर गावाकडच्या पहिल्याच स्पीडब्रेकरला तो घासेल.

मागे मल्टि-लिंक सस्पेन्शन असलेल्या मोठ्या गाड्या (एक्सयूव्ही ७०० सारख्या): मागे कंपनीचाच बार असतो. त्याच्या जागी थोडा जाड बार बसवता येतो आणि बसवणेही तुलनेने सोपे असते.

चासीवर बांधलेल्या, मागची चाके ढकलणाऱ्या उंच गाड्या (बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हा क्रिस्टा): इथे मागचा बार एकट्याने जाड करू नका. ओल्या रस्त्यावर मागचा भाग आधी सुटेल. या गाड्या झुकतात त्या उंचीमुळे. बारने झुकणे थोडे झाकले जाईल, पण गाडीची उंची आहे तेवढीच राहील. उत्तम शॉकअप, नवे बुश आणि कमी वेग, हाच इथला खरा उपाय.

कच्च्या रस्त्यावर नेहमी जाणाऱ्यांनी बार जाड करूच नये. उंचसखल जमिनीवर प्रत्येक चाक स्वतंत्रपणे खाली-वर व्हावे लागते. जीप रँग्लर रुबिकॉनमध्ये तर पुढचा बार बटण दाबून सोडवण्याची सोय कंपनीच देते, ती याचसाठी.

किती जाड?

भरीव सळईचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. त्यामुळे दोन मिलिमीटर ऐकायला कमी वाटले तरी परिणाम मोठा असतो. सळईचा आकार आणि लांबी तीच धरली तर:

- २० ऐवजी २२ मिमी: बार सुमारे ४६ टक्के अधिक ताठ
- २० ऐवजी २४ मिमी: दुपटीहून किंचित जास्त
- २४ ऐवजी २६ मिमी: सुमारे ३८ टक्के अधिक ताठ

हे आकडे फक्त बारचे आहेत. झुकणे रोखण्यात स्प्रिंगचाही वाटा असतो, म्हणून गाडीचे झुकणे त्याच प्रमाणात कमी होत नाही.

विक्रेत्याला दोन प्रश्न जरूर विचारा. पहिला, बार भरीव आहे की पोकळ? बाहेरून २४ आणि आतून १६ मिमी असलेली पोकळ सळई भरीव २४ मिमी सळईच्या सुमारे ८० टक्के ताठ असते आणि वजन मात्र सुमारे ५६ टक्केच असते. दुसरा प्रश्न, टोकाचे बाहू मूळ बारइतकेच लांब आहेत का? बाहू आखूड केला तर त्याच जाडीचा बार अधिक कडक होतो. नुसती जाडी सांगणाऱ्या जाहिरातीवरून तुलना करू नका.

रोजच्या गाडीसाठी मूळ बारपेक्षा एक पायरी वर, म्हणजे साधारण दोन मिलिमीटर, ही मर्यादा पाळा.

तुमच्यापुढचे पर्याय

- कंपनीचाच वरच्या प्रकारातला बार. काही मॉडेलांत मोठ्या इंजिनाच्या प्रकाराला जाड बार असतो. पार्ट नंबर आणि बुशांचे माप जुळत असेल तर हा सर्वांत निर्धोक मार्ग. अधिकृत सेवा केंद्राच्या पार्ट्स विभागात दोन्ही पार्ट नंबर तपासून घ्या.
- छिद्रे असलेला बार. टोकाला दोन-तीन छिद्रे असतात. टोकाकडचे छिद्र म्हणजे मऊ, वळणाकडचे म्हणजे कडक. सुरुवात नेहमी मऊ छिद्रापासून करा आणि दोन्ही बाजूंना एकच छिद्र वापरा.
- मूळ बार, पॉलियुरेथेन बुश. कमी खर्चात थोडा फरक पडतो. पण धूळ आणि चिखलात हे बुश किरकिरतात. बुशासोबत आलेलेच ग्रीस वापरा आणि अधूनमधून पुन्हा लावा.
- स्थानिक वर्कशॉपमध्ये वाकवून घेतलेली सळई. याच्या वाटेला जाऊ नका. या सळईला स्प्रिंगचे पोलाद आणि योग्य उष्णता-प्रक्रिया लागते. साधे पोलाद हळूहळू वाकते किंवा एक दिवस तुटते.

बसवताना समोर उभे राहा

1. दोन्ही चाके एकाच वेळी उचललेली असावीत. एक चाक जमिनीवर आणि एक लोंबते असेल तर बार पिळलेला राहतो. लिंक निघत नाही आणि निघालीच तर झटका मारते.
2. लिंकचा नट फिरवताना आतला दांडा ॲलन कीने धरावा लागतो. तो नुसता फिरू दिला तर नवा बॉल जॉइंट पहिल्याच दिवशी खराब होतो.
3. नायलॉनची कडी असलेले लॉकनट पुन्हा वापरू देऊ नका.
4. रबरी बुशांचे क्लॅम्प शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी करून आणि टॉर्क रेंचने. हवेत लोंबत असताना आवळलेले रबर गाडी खाली येताच पिळलेले राहते आणि लवकर फाटते.
5. आवाज घालवण्यासाठी बुशांवर डिझेल किंवा जुने ऑइल फवारू देऊ नका. रबर फुगते आणि सैल होते.
6. स्टीअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बार ब्रेकच्या होजला, ड्राइव्ह शाफ्टला किंवा सायलेन्सरला लागत नाही ना, ते पाहा.
7. पुढचा बार काढताना सबफ्रेम खाली घेतली असेल तर अलाइनमेंट पुन्हा करून घ्या.
8. जुना बार, लिंक आणि क्लॅम्प घरी घेऊन या. गाडी विकताना, वॉरंटीसाठी किंवा नवे आवडले नाही तर ते लागतील.

पहिले काही दिवस

दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर सर्व बोल्ट पुन्हा तपासून घ्या. गाडीची परीक्षा घाटात घेऊ नका. ओळखीच्या, मोकळ्या रस्त्यावर, दिवसा, नेहमीच्याच वेगाने चालवा. आधी एकटे, मग माणसे आणि सामान भरून.

सर्वांत जास्त सांभाळायचे ते पावसात आणि उतारावर. मागचा बार जाड असलेली गाडी उतारावरच्या वळणात असताना तुम्ही दचकून ॲक्सिलरेटर सोडला किंवा ब्रेक दाबला, तर वजन पुढे येते आणि मागची चाके हलकी होतात. पूर्वी जिथे नाक थोडे बाहेर सरकायचे, तिथे आता मागचा भाग बाहेर फेकला जाऊ शकतो. म्हणून वेग वळणाच्या आधीच कमी करा. मागचा भाग एकदाही अनपेक्षित हलला तर मऊ छिद्रावर या, आणि तेही कडक वाटले तर मूळ बार परत बसवा.

झुकणे कमी झाल्याने वेगाचा अंदाजही चुकतो. पूर्वी गाडी झुकून इशारा द्यायची, तो आता उशिरा मिळेल. टायरची मर्यादा मात्र जिथे होती तिथेच आहे.

कायदा, वॉरंटी आणि विमा

- कायदा: मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील आणि निर्मात्याचे मूळ वर्णन यांत तफावत पडेल असा बदल करण्यास मनाई करते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा काटेकोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. नोंदणी प्रमाणपत्रावर स्टॅबिलायझर बारचा उल्लेख नसतो, तरीही कापणे, वेल्डिंग करणे आणि चासीला छिद्रे पाडणे टाळा. कंपनीचा भाग किंवा बोल्ट काढून पूर्ववत करता येईल असा भागच निवडा.
- वॉरंटी: काम करण्याआधी अधिकृत सेवा केंद्राला ई-मेल करून विचारा की कोणत्या भागांची वॉरंटी बाधित होईल. काउंटरवर मिळालेले तोंडी ‘चालतंय हो’ पुढे उपयोगी पडत नाही.
- विमा: विमा कंपनीला बदल लेखी कळवा आणि पॉलिसीवर नोंद करून घ्या. न कळवलेल्या बदलावर बोट ठेवून स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडवला जाऊ शकतो.

काम बिघडले तर

- बिलावर पार्ट नंबर, मजुरी, तारीख आणि किलोमीटर रीडिंग लिहून घ्या. कच्च्या पावतीवर पुढे तक्रार उभी राहत नाही.
- चुकीचा भाग किंवा निष्काळजी काम याबद्दल आधी गॅरेजला लेखी कळवा. ऐकले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा.
- त्यानेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील लावण्याची सक्ती नाही.
- विमा कंपनीने दावा नाकारला तर आधी तिच्याच तक्रार विभागाकडे लिहा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जा. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत.

मग ठरवायचे कसे?

पाचही तपासण्या झाल्या आहेत, टायर चांगले आहेत, तरीही चांगल्या रस्त्यावरच्या वळणांत गाडी सैल वाटते आणि गाडी पुढची चाके ओढणारी आहे, असे असेल तर मागचा बार एक पायरी जाड करायला हरकत नाही. रोजचा रस्ता खड्ड्यांचा असेल, घरातले ज्येष्ठ मागे बसत असतील, गाडी वॉरंटीत असेल किंवा उंच आणि मागची चाके ढकलणारी असेल, तर तेच पैसे चांगल्या टायरवर आणि शॉकअपवर घाला. घाटात त्याचा उपयोग होईल आणि अचानक ब्रेक मारावा लागला तर तिथेही होईल. ब्रेकच्या वेळी बारचा काहीच उपयोग नसतो.